तेल्या दर वर्षी परत का येतो? डाळिंबाचा वाण, ‘रोगमुक्त’ रोप आणि बागेतला रोगाचा साठा

समस्या

डाळिंबाची जुनी बाग तेल्या या जिवाणूजन्य रोगाने गेली म्हणून मुळासकट काढली. रान दोन वर्षे ज्वारी-हरभऱ्याला दिले. मग खात्रीची म्हणून ‘रोगमुक्त’ रोपे आणली, ठिबक नवे टाकले आणि तिसऱ्या वर्षी पहिला बहार धरला, म्हणजे झाडांवर पहिल्यांदा फुले-फळे येऊ दिली. फळे लिंबाएवढी झाली न झाली तोच त्यांच्यावर पुन्हा तेच तेलकट, तपकिरी डाग आणि डागांतून उललेली साल. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात ही हकीकत इतक्या जणांकडून आणि इतक्या सारख्या क्रमाने ऐकायला मिळते, की ती एकाच बागेची असावी असे वाटते. शेवटी विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो: तेल्या न येणारा वाण कोणता, आणि तो मिळतो कुठे?

आमच्या घरी हा प्रश्न आबांनी विचारला होता. दुसऱ्यांदा लावलेल्या बागेत पहिल्याच बहाराला डाग दिसले, तेव्हा कपाटातली रोपांची पावती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “यावर रोगमुक्त लिहिलंय. मग रोग आला कुठून?” पावतीवर तो शब्द खरोखरच छापलेला होता. आबांनी त्याचा अर्थ ‘या झाडाला रोग होत नाही’ असा घेतला होता, आणि खरे सांगायचे तर रोपे आणताना मीही तोच अर्थ घेतला होता.

त्या शब्दात प्रत्यक्षात तेवढे वचन नसते. रोप तुमच्या हाती आले त्या दिवशी त्याच्यात रोगाचे जिवाणू नव्हते, एवढेच ‘रोगमुक्त’ हा शब्द सांगतो. ‘रोगप्रतिकारक’ हा वाणाचा जन्मजात गुण असतो आणि तो झाडाबरोबर आयुष्यभर राहतो. भगवा या वाणाचे रोप ऊतिसंवर्धनाचे असो की गुटी कलमाचे (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेले), ते भगवाच असते. प्रयोगशाळेच्या बाटलीतून निर्मळ बाहेर आले म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. रोगी बागेला लागून असलेल्या रानात ते लावले, तर पहिल्या पावसाळी वाऱ्यातच त्याचे ‘रोगमुक्त’ असणे संपू शकते.

वाणाबद्दलचे सरळ उत्तर

आज शेतकऱ्यांच्या बागांत असलेला डाळिंबाचा एकही व्यापारी वाण तेल्याला प्रतिकारक नाही. भगवा, गणेश, आरक्ता, मृदुला, रुबी हे सारे या रोगाला बळी पडणारे आहेत. हे उत्तर निराश करणारे आहे याची मला कल्पना आहे, पण ते आधी स्वीकारले नाही तर माणूस दर तीन वर्षांनी नवीन रोपांवर पैसे घालत राहतो आणि रोगाच्या मूळ जागेकडे त्याचे लक्ष जातच नाही.

मग एखादा शेतकरी छातीठोकपणे सांगतो की त्याच्याकडे आरक्त्यावर तेल्या आला नाही आणि शेजारच्या भगव्यावर आला, त्याचे काय? तो खोटे बोलत नसतो. फळ धरल्यापासून तयार होण्यापर्यंत भगव्याला सुमारे सहा महिने लागतात. आरक्ता आणि मृदुला त्याच्या बरेच आधी तोडणीला येतात. आंबे बहारातली, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या हंगामातली, फळे मार्चमध्ये धरली, तर लवकर येणाऱ्या वाणाची फळे पावसाचा जोर वाढण्याआधी बागेबाहेर पडलेली असतात, आणि भगवा मात्र जुलै-ऑगस्टच्या झडीत झाडावर लटकत राहतो. लवकर येणाऱ्या वाणाने रोगाचा हंगाम चुकवलेला असतो, आणि त्यालाच आपण प्रतिकार समजतो. तोच आरक्ता मृग बहारात धरला, म्हणजे त्याचे कोवळे फळ ऐन पावसात सापडले, की तोही डागाळतो. त्यामुळे कोणी वाणाची प्रशंसा केली की मी पहिला प्रश्न विचारतो: बहार कोणता होता?

तिसरा शब्द ‘सहनशील’. सहनशील वाणावर रोग येतो, पण नुकसान तुलनेने कमी होते. जाहिरातीत हे तीनही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. शिवाय प्रतिकारशक्ती नेहमी एका विशिष्ट रोगापुरती असते, हेही विसरले जाते. नान्नजच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगावे लागत नाही: डॉगरिज खुंटामुळे वेल क्षारांना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देतो, पण त्याच खुंटावर भरलेल्या थॉमसन द्राक्षाच्या पानावर केवडा आणि भुरी यायची ती येतेच. ‘हे रोप रोगप्रतिकारक आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या रोगाला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

प्रतिकारक वाण अजून का नाही

या रोगाचा जिवाणू झान्थोमोनास गटातला आहे, आणि देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. त्यानंतर कित्येक वर्षे तो किरकोळ मानला गेला. गणेश हा वाण पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ साली आळंदी प्रकारातून डॉ. चीमा यांनी निवडलेला. महाराष्ट्रातली डाळिंबाची व्यापारी शेती प्रथम त्याच्यावर उभी राहिली. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून मृदुला आणि आरक्ता दिले, आणि भगवा आल्यावर बाकी सगळे मागे पडले. चकचकीत केशरी-लाल साल, मऊ दाणा, लांबच्या प्रवासात टिकणारे जाड साल असलेले फळ. निर्यातदाराला हवे ते सगळे त्यात होते. एकाच वाणाच्या, एकमेकांच्या कलमांपासून वाढलेल्या बागा मैलोगणती पसरल्या. अशा लागवडीत एका झाडाला जे मानवत नाही ते कोणत्याच झाडाला मानवत नाही, आणि गुटी कलमे गावोगाव फिरली तसा जिवाणूही फिरला. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून हा रोग त्याच्या कामाच्या अग्रभागी राहिला आहे.

प्रतिकाराचे गुण शोधायचे तर शास्त्रज्ञांना रानटी आणि शोभेच्या डाळिंबांकडे वळावे लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत आपोआप वाढणारे ‘दारू’ हे आंबट डाळिंब, ज्याचे दाणे वाळवून अनारदाना करतात, आणि ‘नाना’ हे कुंडीत शोभणारे बुटके डाळिंब यांचा संकरासाठी उपयोग झाला आहे. अडचण अशी की संकरात हवे ते गुण एकटे येत नाहीत. आंबटपणा, कडक बी, लहान फळ हेही बरोबर येते, आणि ते काढून टाकण्यासाठी पुन्हा गोड वाणाशी संकर करत पिढ्यामागून पिढ्या जाव्या लागतात. डाळिंबाच्या एका पिढीला काही वर्षे लागतात, त्यामुळे हे काम एका माणसाच्या नोकरीच्या काळात संपेलच असे नाही. याच केंद्राचा ‘सोलापूर लाल’ हा २०१७ मध्ये आलेला संकर भगवा, गणेश, नाना आणि दारू या चौघांच्या रक्ताचा आहे. त्याची ख्याती लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असल्याबद्दल आहे. पूर्वजांत नाना आणि दारू आहेत म्हणून त्याला तेल्याचे कवच आहे असे समजून लागवड करू नये. त्यालाही भगव्याइतकीच काळजी घ्यावी, असे माझे मत आहे.

आधी खात्री करा: तेल्याच आहे का?

फळावर काळा डाग दिसला की त्याला तेल्या म्हणायची आपल्याकडे सवय झाली आहे, आणि बुरशीच्या डागांवर जिवाणूची औषधे मारून पैसे वाया जातात.

सकाळी कोवळे ऊन असताना संशयित पान तोडून सूर्याकडे धरावे. तेल्याचा नवा डाग पाण्याने भिजलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो. तुपाचा हात कागदाला लागल्यावर जसा डाग पडतो, अगदी तसा. काही दिवसांत त्याचा मध्य तपकिरी-काळा होतो आणि भोवती पिवळी कडा येते. फळावर डाग आधी तपकिरी, किंचित फुगीर आणि तेलकट असतो आणि मग त्यातूनच साल तडकते. ही तडक बहुधा इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षराच्या आकाराची असते, आणि तिचे टोक डागातच असते. फांदीवर पेराजवळ गडद डाग पडून साल फाटते, आणि डागाने फांदीला वेढा घातला की वरचा भाग त्या जागी काडीसारखा मोडतो.

बुरशीजन्य ठिपक्यांत ही तेलकट पारदर्शकता नसते. सर्कोस्पोराचे ठिपके काळे, बारीक आणि वेडेवाकडे असतात, पण त्यांतून फळ उलत नाही. खवल्या किंवा स्कॅब हाताला खरखरीत, बुचासारखा लागतो. डागाशिवाय फळ तडकले असेल, तर पाण्याच्या पाळ्यांतली अनियमितता किंवा बोरॉनची कमतरता पाहावी. पश्चिमेकडच्याच बाजूला साल करपली असेल, तर तो उन्हाचा चटका आहे.

एकेक फांदी पिवळी पडून पूर्ण झाड वाळत असेल, तर तो मर रोग. त्याचे कारण वेगळे, उपाय वेगळे. अशा झाडाची फांदी आडवी कापली तर लाकडात करडी-तपकिरी छटा चांदणीसारखी पसरलेली दिसते. त्यामागे सेराटोसिस्टिस किंवा फ्युजेरियम बुरशी असते, आणि सूत्रकृमी व खोडाला टाचणीएवढी भोके पाडणारा भुंगेरा तिला वाट करून देतात. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

पहिला डाग कुठे दिसला?

तेल्या ‘पुन्हा येतो’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक बागांत तो गेलेलाच नसतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवा कोरडी होते, नवे डाग पडणे थांबते आणि शेतकऱ्याला वाटते की रोग संपला. जिवाणू त्या काळात फांदीवरच्या पेरांच्या जुन्या जखमांत आणि गळलेल्या रोगट पानांत तग धरून असतो. पडलेल्या पानांत तो सुमारे चार महिने जिवंत राहू शकतो. ३० अंशांच्या आसपासचे तापमान, ढगाळ हवा आणि पानावर टिकणारा ओलावा एकत्र आले, की पावसाच्या थेंबांबरोबर उडून तो पर्णरंध्रांतून किंवा काट्यांच्या ओरखड्यांतून आत शिरतो.

म्हणून बागेत डाग दिसल्यावर औषधाच्या दुकानाकडे निघण्याआधी अर्धा दिवस बागेत फिरावे आणि सगळ्यात जुने, सगळ्यात जास्त डाग कुठे आहेत ते वहीत मांडावे. साधा नकाशा पुरतो: ओळीला रेघ, झाडाला फुली. रोगाचा साठा कुठे आहे हे त्या नकाशावरून बऱ्याच अंशी कळते.

डाग बागेच्या पश्चिम किंवा नैर्ऋत्य कडेला दाट आणि आत विरळ असतील, तर पावसाळी वाऱ्याने ते शेजारच्या बागेतून आणले असण्याची शक्यता मोठी आहे. एकेका झाडाखाली, जमिनीलगतच्या पानांवर आणि लोंबणाऱ्या फळांवरच पहिले डाग असतील, तर पडलेला पालापाचोळा तपासावा. सलग एका ओळीत एकामागोमाग झाडे डागाळली असतील आणि ती ओळ ज्या क्रमाने छाटली त्याच क्रमाने रोग दिसत असेल, तर संशय कात्रीवर घ्यावा. लावणीनंतर पहिल्याच वर्षात, आसपास डाळिंब नसताना, सुट्या सुट्या रोपांच्या खोडांवर डाग आले, तर रोग रोपांबरोबरच आला आहे. आणि डाग बागभर विखुरलेले असून प्रत्येक डागाळलेल्या फळाच्या वरच्या फांदीवर पेराजवळ जुनी फाटलेली साल सापडत असेल, तर साठा तुमच्या झाडांच्या अंगावरच आहे.

आमच्या बागेत रोग रोपांबरोबर आला होता आणि साठाही झाडांच्या अंगावरच होता. आबा आणि मी सकाळभर फिरून फुल्या मांडल्या, तेव्हा विहिरीकडच्या दोन ओळी फुल्यांनी भरल्या आणि बाकी बाग जवळपास कोरी राहिली. त्या दोन ओळींतली रोपे आधीच्या रोपांत मर झाल्यावर मागाहून भरलेली होती. ओळखीच्या एका बागेतून गुटी बांधून आणलेली ती रोपे होती, पावतीवरची नव्हती. त्यांच्यातल्या एका झाडाची करंगळीएवढी फांदी आबांनी हातात घेतली आणि पेराजवळ नखाने साल खरवडली. आत हिरव्याऐवजी काळपट-तपकिरी पट्टा निघाला, आणि तो पट्टा फांदीभोवती जवळजवळ पूर्ण फिरला होता. त्याच फांदीच्या खाली लोंबणाऱ्या तीन फळांवर डाग होते. वरून पडणारे पावसाचे पाणी त्या जखमेवरून थेट फळांवर उतरत होते. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पावती घडी घालून खिशात ठेवली.

साठा मोडायचा कसा

ही कामे फळांच्या हंगामात होत नाहीत. त्यांची वेळ म्हणजे तोडणीनंतरचा विश्रांतीचा काळ, आणि तो तीन ते चार महिने मिळाला पाहिजे. ज्या बागेत लागोपाठ बहार धरले जातात तिथे बाकी सगळे उपाय निम्मे ठरतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तोडणी संपताच झाडावर उरलेली रोगट, सुकलेली फळे काढावीत. नंतर छाटणी करताना फांदीवरील जखमेच्या खाली किमान दोन इंच निरोगी लाकडात काप घ्यावा. कात्री प्रत्येक झाडानंतर २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. मजुरांना हे किचकट वाटते, म्हणून दोन कात्र्या ठेवाव्यात: एक वापरात, एक द्रावणात. त्या द्रावणाने लोखंड गंजते, त्यामुळे संध्याकाळी कात्र्या धुऊन तेलाचा हात द्यावा. छाटलेल्या काड्या बांधावर रचून ठेवू नयेत; बागेबाहेर नेऊन त्याच दिवशी जाळाव्यात. मोठ्या कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी.

छाटणीनंतर संपूर्ण झाडावर, खोडासकट, १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. त्यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या पिंपात विरघळवावे, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात विरवून गाळून घ्यावा, आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून क्षणभर धरावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, आणि आणखी चुन्याची निवळी घातल्याशिवाय ते झाडावर मारू नये, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. दुकानात मिळणारी तयार तांब्याची औषधे सोयीची आहेत, पण विश्रांतीच्या काळात लाकडावर चिकटून राहण्यात ताज्या बोर्डोची सर त्यांना नाही, असा माझा अनुभव आहे.

जमिनीवरचा पालापाचोळा हे दुर्लक्षित काम आहे. ताण (बहार धरण्याआधी झाडाचे पाणी तोडणे) पूर्ण झाल्यावर इथेफॉन या पाने गाळणाऱ्या औषधाने, लिटरला १ ते २ मिलि या प्रमाणात, पानगळ केली की पानांतला सगळा साठा एकाच वेळी जमिनीवर येतो. ती पाने खराट्याने गोळा करून जाळावीत आणि त्यानंतर झाडांखालच्या जमिनीवर ब्लिचिंग पावडरचे द्रावण फवारावे. हेक्टरी २५ किलो पावडर १००० लिटर पाण्यात, म्हणजे एकरी साधारण १० किलो ४०० लिटरमध्ये. ब्लिचिंग चांगल्या बुरशांनाही मारते, त्यामुळे ट्रायकोडर्मा किंवा जिवाणू खते त्याच आठवड्यात देऊ नयेत.

नवी पालवी फुटल्यावर बोर्डोचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आणावे. फळे वाढू लागल्यावर त्यांच्यावर निळसर डाग राहू नयेत म्हणून कॉपर हायड्रॉक्साइड लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात घ्यावे. पावसाची झड असेल तर सात ते दहा दिवसांनी, हवा कोरडी असेल तर अंतर वाढवून. फवारणीचा उपयोग डाग पडण्याआधी आहे. आत शिरलेल्या जिवाणूला तांबे बाहेर काढू शकत नाही, ते फक्त पृष्ठभागावर पहारा देते. प्रतिजैविकांची फवारणी एका हंगामात पुन्हा पुन्हा करणे मी टाळतो: जिवाणू अशा औषधांना सरावतात, आणि निर्यातीच्या मालात अवशेष सापडले तर माल परत येतो.

खतांबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर युरियाचा हात सैल सोडला की लुसलुशीत नवती येते, आणि तेल्याला सगळ्यात आधी तीच सापडते. नत्र आवरते घ्यावे, पालाश आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नये. झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करण्यासाठी सॅलिसिलिक आम्ल लिटरला ०.३ ग्रॅम या प्रमाणात महिन्याच्या अंतराने फवारतात. ते थंड पाण्यात सहज विरघळत नाही. थोड्या कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्यावे. यामुळे भगवा प्रतिकारक होत नाही, त्याची सोसण्याची ताकद थोडी वाढते, एवढ्याच अपेक्षेने ते वापरावे.

बहार बदलणे

प्रतिकारक वाण हाती नसताना शेतकऱ्याच्या ताब्यातला सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पंचांग. तेल्या ज्या बागेत ठाण मांडून बसला आहे, तिथे मृग बहार धरू नये. त्यात फुले जून-जुलैत येतात आणि फळांचे पहिले तीन महिने पावसात जातात, आणि सोलापुरात तर सप्टेंबर हाच सर्वाधिक पावसाचा महिना. आंबे बहाराचा आरंभ कोरड्या हवेत होतो, पण भगव्याचा शेवट पावसात सापडतो, आणि ऐन उन्हाळ्यात पाणी पुरवावे लागते. ज्याच्या शेततळ्यात एप्रिलमध्ये पाणी उरते त्यानेच त्याचा विचार करावा.

हस्त बहारात फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि फळे थंड, कोरड्या हवेत वाढून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतात. रोगाच्या दृष्टीने हा आपल्या भागासाठी सगळ्यात सुरक्षित काळ आहे, आणि दरही बरा मिळतो. मात्र त्याची एक अडचण आहे, आणि ती न सांगता हस्त बहाराची शिफारस करणे योग्य होणार नाही. ताण द्यायचा तो पावसाळ्यात. मुरमाड, निचऱ्याच्या रानात तो बसतो. भारी काळ्या रानात बसत नाही, आणि ताण नीट बसला नाही तर फुले एकदम न येता आठवडेच्या आठवडे मागेपुढे येत राहतात. शिवाय परतीचा पाऊस कधी घात करेल याचा नेम नसतो. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्याला सोलापूर-पंढरपूर भागात जी अतिवृष्टी झाली, ती हस्त बहाराच्या ऐन फुलोऱ्यात आली होती. म्हणून हस्त बहारातही फुलोऱ्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत तांब्याच्या फवारण्यांत खंड पडू देऊ नये.

नव्याने लावायचे असेल तर

रोपवाटिकेत गेल्यावर ‘कोणता वाण रोगप्रतिकारक आहे’ हे विचारण्याऐवजी मातृवृक्ष दाखवायला सांगावे. गुटी ज्या झाडांवर बांधली जाते त्या झाडांच्या खालच्या फांद्यांची पेरे स्वतः पाहावीत, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात जाऊन पाहावीत, कारण उन्हाळ्यात रोगी बागही निरोगी दिसते. मातृबाग दाखवायला नकार मिळाला, तर रोपे घेऊ नयेत. ऊतिसंवर्धित रोपे निर्मळ सुरुवातीसाठी चांगली, पण ती रोगी बागेशेजारी लावायची असतील तर आधी पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा तत्सम उंच, दाट वारारोधक उभा करावा आणि मगच रोपांवर जादा पैसा घालावा. लागवड ४.५ बाय ३ मीटरपेक्षा दाट करू नये. फांद्या एकमेकींत शिरल्या की काट्यांनी ओरखडे पडतात आणि पाने वाळायला वेळ लागतो. मर झालेल्या झाडांच्या जागी रोपे भरायची वेळ आली, की पहिल्या लागवडीइतकीच चौकशी त्या चार-सहा रोपांचीही करावी. आम्ही चुकलो ते तिथे.

विहिरीकडच्या त्या दोन ओळी आम्ही त्या वर्षी फळे न धरता पूर्ण विश्रांतीत ठेवल्या. ज्या झाडांच्या खोडावरच जखमा होत्या ती मुळासकट काढून जाळली, बाकीची जखमांच्या खाली कापली, आणि त्या ओळींसाठी वेगळी कात्री ठेवली, जिच्या मुठीला आबांनी लाल चिंधी बांधली आहे. पुढच्या पावसाळ्यात नकाशाची वही पुन्हा काढली. कडेच्या ओळीत सहा फुल्या पडल्या, त्याही पश्चिमेच्या बांधाकडे, आणि आता शेजारच्या काकांच्या बागेत बसून दोन्ही बागांची पानगळ आणि ब्लिचिंग एकाच आठवड्यात कसे करता येईल, याची बोलणी चालू आहेत.